आधी पी०१७१ कोडचा पत्ता लावा

गाडीच्या स्कॅनरवर पी०१७१, पी०३०० आणि पी०३०२ हे बिघाडाचे कोड एकदम आले म्हणून ऑक्सिजन सेन्सर, कॉइल, प्लग सगळंच बदलायला सांगितलंय तुम्हाला, पण थांबा हो, उगाच पैसे घालू नका. ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, आणि मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं, ०३०० आणि ०३०२ त्याचेच कोड) बहुतेक त्याच्यामुळेच होतोय. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) बघा, आयडलला +२०% च्या वर आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर व्हॅक्यूम लीक, म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय, उलट रेस दिल्यावर वाढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर नाहीतर एअरफ्लो सेन्सर बघायचा. माझ्या १४ वर्षं जुन्या गाडीत पीसीव्हीचा (इंजिनातले वायू परत आत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाईप खालच्या बाजूने चिरलेला, वरून दिसतच नव्हता, तो बदलला आणि तिन्ही कोड गेले. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) फोटो मात्र नक्की काढून ठेवा.