रनिंग ग्रुपमधलं ‘वजन उतरवा चॅलेंज’ बंद करावं का?

उपवनची_पहाट

माझं मत आधीच सांगते: बंद करावं.

आमच्या ठाण्यातल्या ग्रुपमध्ये जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की तीन महिन्यांचं चॅलेंज लागतं. दर रविवारी ग्रुपवर वजनकाट्याचे फोटो टाकायचे. जिचं वजन सगळ्यात जास्त उतरेल तिला नवे बूट. गेल्या वर्षी ते बूट मला मिळाले. ६१ वरून ५४.

सकाळी कोरी कॉफी पिऊन उपवन ते येऊर, १० किमी. डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. संध्याकाळी ताक, रात्री मुगाचं कढण. धावून झाल्यावर तलावाकाठी सगळ्या इडली खायच्या. मी केळं सोलायचे, अर्धं शेजारच्या मैत्रिणीला द्यायचे आणि उरलेलं अर्धं साल गुंडाळून पिशवीत ठेवायचे. घरी गेल्यावर ते काळं पडलेलं असायचं, मग टाकून द्यायचे. हे मी रोज करत होते आणि मला ते शिस्तीचं वाटत होतं.

सप्टेंबरपासून पाळी आली नाही. मैत्रीण म्हणाली, बरंच झालं, रेसच्या दिवशी कटकट नाही. मलाही तसंच वाटलं. नोव्हेंबरात नडगीवर एका बोटाने झाकता येईल एवढ्याच जागी दुखायला लागलं. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून आणखी दोन आठवडे धावले. मग एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, निघालं. जानेवारीत मी घरात कुबड्यांवर होते.

ग्रुपमधल्या एकीलाही मी कमी खातेय हे दिसलं नाही. सगळ्यांना मी ‘काय बारीक झालीस गं!’ एवढंच दिसत होतं.

पामबीचवरचा_धावक

ताई, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं, पण मताशी सहमत नाही.

मी नेरुळला राहतो. माझी बायको ४९ वर्षांची आहे. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.९ होती. डॉक्टर पाच वर्षं सांगत होते चाला, तिने ऐकलं नाही. असंच चॅलेंज लागलं आणि ती पहाटे साडेपाचला पाम बीच रोडवर उभी राहिली. ९ किलो उतरले, साखर ६.४ वर आली. वजन हा शब्दच काढायचा नाही म्हटलं, तर तिच्यासारख्या बायका घरातच बसतील. आपल्याकडे बायकांना खरा धोका साखरेचा आणि बीपीचा आहे. चार जणींनी अति केलं म्हणून चाळीस जणींचा आधार काढून घेऊ नका.

खारघरची_टेकडी

माझ्या ग्रुपमध्ये चॅलेंज कधीच नव्हतं. तरी मी दोन वर्षं हेच केलं. गणपतीत एक मोदक खाल्ला की दुसऱ्या दिवशी सेंट्रल पार्कला तीन फेऱ्या जास्त. गूळपोळी म्हणजे चार किमी, हे गणित माझं तोंडपाठ आहे. दिवसभर भूक दाबून ठेवायची आणि रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभं राहून शिळी पोळी, साखर, शेव, हाताला लागेल ते. सकाळी त्याची शिक्षा म्हणून पुन्हा धावायचं.

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतेय. चॅलेंज बंद करून माझ्यासारखीचं काही थांबणार नाही. धावणं हे माझ्यासाठी झाकण होतं. ‘डाएट करतेय’ म्हटलं असतं तर आई ओरडली असती. ‘मॅरेथॉनची तयारी’ म्हटलं की सगळे कौतुक करतात.

उपवनची_पहाट

दादा, वहिनींचं मनापासून अभिनंदन. साखर असलेल्या बाईने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवायला माझा विरोध नाही. पण मला साखर नव्हती, आणि माझं ५४ किलो झाल्यावरही कुणी ‘आता पुरे’ म्हणालं नाही. बक्षीसच वजन घटवण्याला असेल तर म्हणणार कोण?

टेकडी, तुझं वाचून काम बाजूला ठेवलं. तुझ्याशी नंतर बोलते.

वाशीच्या_काकू

आमच्या आया नवरात्राचे नऊ दिवस उपवास करून शेतात राबल्या. त्यांना काही झालं नाही. हल्लीच्या मुलींना एक जेवण चुकलं की चक्कर येते.

नडगी_आणि_खुबा

काकू, नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, प्रॅक्टिस ठाण्यातच. राबल्या हे खरं, पण त्यांची हाडं तपासली कुणी? माझ्या आजीचा खुबा पासष्टीत न्हाणीघरात घसरून मोडला, त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. उपवासाला माझा विरोध नाही. रताळं, राजगिरा, दाण्याची आमटी व्यवस्थित खाणारी बाई उपवासातही उपाशी नसते. अडचण होते ती पाणी-चहावर राहून त्याच आठवड्यात १८ किमीचा लाँग रन करणाऱ्यांची.

गणित मांडते. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून धावण्यात गेलेल्या वजा करा. उरतील त्यावर हृदय, मेंदू, हाडं आणि पाळी चालते. चरबी सोडून शरीराचं जे वजन, त्याच्या दर किलोला साधारण ४५ कॅलरी उरल्या तर ठीक. ३० च्या खाली गेलं की धोका वाढत जातो, जरी ती सगळ्यांना सारखी लागू पडणारी रेघ नाही. धावताना दर किमीला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ कॅलरी जाते. म्हणजे पहाटताईंचे ५४ किलो, १० किमीला ५४० कॅलरी. त्यांनी लिहिलेलं खाणं १२५० धरलं तर उरले ७१०. चरबी सोडून ४० किलो धरले, तर किलोला जेमतेम १८. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर शरीर आधी पाळी बंद करतं. मग इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड ठिसूळ व्हायला लागतं.

पूर्वी याला फक्त बायकांचा त्रास म्हणायचे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ‘रेड-एस’ (खेळाडूंच्या शरीराला पुरेशी ऊर्जा न मिळणं) हे नाव पुढे आणलं, कारण पुरुषांनाही हे होतं. आणि यात वजन उतरतंच असं नाही. शरीर काटकसर करतं, काटा हलत नाही, मग बाई आणखी कमी खाते. म्हणून दादा, वजनावरून हे ओळखता येत नाही. त्यात आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. धावायला येणाऱ्या अनेक जणी सुरुवातच तिथून करतात.

ग्रुप_कॅप्टन_ठाणे

मी पन्नास जणांचा ग्रुप चालवतो, पुरुष आहे. चॅलेंजमुळे नवीन लोक येतात हे खरं. पण पाळी आली का, हे मी एखाद्या वहिनींना तलावाकाठी कसं विचारू? उद्या त्यांच्या घरचे माझ्या दारात उभे राहतील. ज्याचं त्याने डॉक्टरकडे जावं. आमचं काम धावायला शिकवण्याचं.

उपवनची_पहाट

तुम्ही विचारू नका. ग्रुपमधल्या दोघी-तिघींनी ते अंगावर घ्यावं, मी तयार आहे. तुम्ही एवढंच करा: बक्षीस वजन घटवण्याऐवजी हजेरीला द्या, काट्याचे फोटो बंद करा आणि रन झाल्यावर अर्ध्या तासात काहीतरी खाल्ल्याशिवाय कुणाला घरी सोडू नका. आणि नडगी धरून बसलेल्या बाईला ‘स्ट्रेच कर, जाईल’ म्हणू नका. मला तेच सांगितलं गेलं होतं.

पामबीचवरचा_धावक

काल रात्री बायकोला हा धागा वाचायला दिला. ती म्हणाली, काट्याचा फोटो टाकायच्या आदल्या रात्री मी जेवत नव्हते, तुम्हाला कळलं नाही. मला खरंच कळलं नव्हतं. ती साखरेच्या गोळ्या घेत होती, त्यात रात्रभर उपाशी. साखर एकदम खाली गेली असती तर फार वाईट झालं असतं.

फोटो नकोत, मान्य. पण चॅलेंज ठेवावं, या मतावर मी कायम आहे. ज्यांना गरज आहे त्यांचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

खारघरची_टेकडी

फिजिओताई, माझी पाळी पाच महिने नाही. डॉक्टरकडे गेले तर काय सांगू? मागच्या वेळी पाळीसाठी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी यायची.

नडगी_आणि_खुबा

गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी सुरू झाली असं नाही. उलट मूळ त्रास त्याखाली झाकला जातो. स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ सांगा: आठवड्याला किती किमी, दिवसभरात काय खाता, आणि रात्रीचं ओट्यापाशीचंही. प्रेग्नन्सी टेस्ट ते आधी करतीलच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं संप्रेरक), ड जीवनसत्त्व या तपासण्यांबद्दल विचारा, आणि हाडांची घनता मोजायची का, तेही. रात्रीच्या खाण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञही हवेत, त्यात कमीपणा नाही. तोवर धावणं थांबवा.

खारघरची_टेकडी

सोमवारी सकाळी ९ ची वेळ मिळाली. नवऱ्याला सांगितलंय, तो बरोबर येतोय. रविवारी धावणार नाही. आईकडे जेवायला जाणार आहे.