मदत हवी आहे: लाच 'पसरते' कशी, कोणत्या सिद्धांताने मांडू?

नाशिकला एम.ए. समाजशास्त्राचा लघुप्रबंध करतेय. लोक भ्रष्ट का होतात हा माझा प्रश्न नाही. एकाचं बघून दुसरा कसा देऊ-घेऊ लागतो, तेवढंच हवंय.

समाजशास्त्रज्ञ मर्टनचा १९३८ चा ताणाचा सिद्धांत वाचला. समाजाने ठरवलेलं ध्येय आणि ते गाठायचे मार्ग यांतली दरी कळते, पण गलेलठ्ठ पगारवाला का खातो ते नीट सुटत नाही. क्लिटगार्डचं भ्रष्टाचाराचं सूत्र (मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार वजा उत्तरदायित्व) कार्यालयापुरतं ठीक. गुन्ह्यांचा अभ्यासक सदरलँड जवळचा वाटतो: गैरवर्तन सहवासात शिकलं जातं, त्याची रीतही आणि समर्थनंही. मुलाखतींत तेच ऐकू येतं, "चहापाणी तर सगळेच देतात."

पण 'सगळेच' म्हटलं की ग्रॅनोव्हेटरचं १९७८ चं उंबरठ्याचं प्रारूप आठवतं: आधी किती जण करतात, यावर माझा निर्णय. मुलाखतीतलं तेच वाक्य दोन्हींत बसतं, इथेच घोडं अडलंय.

अकरा मुलाखती झाल्या, सगळ्या दाखल्यांसाठी खेटे घालणाऱ्यांच्या, कर्मचारी बोलत नाहीत (का बोलतील?). सर्वेक्षणाला वेळ नाही, आणि मार्गदर्शक मॅडम म्हणतात सिद्धांत एकच घे.

तर, माणूस लाच द्यायला कुणाकडून शिकला की नुसती गर्दी बघून वाहवला, हे वेगळं कळेल असं मुलाखतीत नेमकं काय विचारू?