भावाभावांत वाद, नवरा खचलाय. बायबलच्या वचनातून धीर कसा देऊ?

वास्कोची_सून :
नमस्कार. आम्ही मराठी ख्रिस्ती. सासरे मुरगाव बंदरातल्या नोकरीसाठी मिरजेहून आले आणि वास्कोचेच झाले. आता सासू-सासरे दोघंही नाहीत, आणि मोठ्या दिरांनी आम्हाला न विचारता घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कारवाई, कोर्टात घातली आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते : इथे मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा, आणि नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरली जात असल्यामुळे सुनेचीही सही लागते. त्यामुळे मला लांबून बघत बसता येत नाही.

कायद्याचं वकील बघतायत. मला काळजी आहे ती नवऱ्याची. रात्र रात्र जागा असतो, ताट अर्धवट सोडून उठतो, उपासनेचं नाव काढलं की विषय बदलतो. सासऱ्यांच्या आजारपणात या दोघा भावांनी आळीपाळीने रात्री काढल्या होत्या. आता बोलणं काय ते नोटिशीतून.

चर्चच्या मंडळीतले लोक भेटायला येतात, मायेने येतात, पण दहा मिनिटांत गाडी 'सत्तर वेळा सात'वर येते. भावाला किती वेळा क्षमा करावी, या पेत्राच्या प्रश्नाला येशूने दिलेलं ते उत्तर आहे, ठाऊक आहे. पण ते ऐकलं की हा आणखी मिटतो. वचन त्याच्या अंगावर फेकल्यासारखं न होता दोघांनी मिळून काय वाचावं? दीर नाताळला जेवायला बोलावतायत, तिथे जायचा आग्रह धरू का? आणि डॉक्टरला दाखवू म्हटलं तर नणंदबाई म्हणतात, 'प्रार्थना कमी पडली का?' यांना काय सांगू?

कुळागर :
ताई, 'आपला भार परमेश्वरावर टाक' हे तुमच्याही व्हॉट्सॲपवर रोज येत असेल. ते स्तोत्र ५५ मधलं २२ वं वचन. त्याच्या वरची १२ ते १४ वाचा, ती कुणी पाठवत नाही. शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं, पण हा तर माझा जिवलग, आम्ही देवाच्या घरी बरोबर जात होतो, असं तिथे आहे. १५ व्या वचनात तर सरळ शापच आहे. आधी हे सगळं बोलून झालंय, मग भार टाकायची गोष्ट. नवऱ्याला २२ पर्यंत पोचायची घाई करू नका. क्षमा करायचीच आहे, पण ती बाहेरच्यांनी वसूल करायची नसते, असं माझं स्पष्ट मत.

लूक १२ सुद्धा बघा. 'भावाला वाटा द्यायला सांगा' म्हणून एक जण येशूकडे येतो. येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि लोभाबद्दल सावध करतो. वाटणीचं काम कोर्टाला करू द्या. मनात लोभ शिरतोय का, हे मात्र दोन्ही घरांनी तपासायचं.

मांडवीकाठ :
जेवणाबद्दल : उत्पत्ती ३३. याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, आणि मग एक सेईरला गेला, दुसरा सुक्कोथला. समेट झाला म्हणून एका छताखाली राहिले नाहीत. नवऱ्याला जावंसं वाटलं तर जा, नाहीतर मुलांच्या हाती करंज्यांचा डबा पाठवा. मुलांचं काकांशी काही भांडण नाही ना!

नणंदबाईंना १ राजे १९ वाचून दाखवा. एलीया झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. झोप नाही, अन्न जात नाही, हे डॉक्टरला सांगायचंच दुखणं आहे. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत, रात्री-अपरात्रीही चालतो. मरणाची भाषा त्याच्या तोंडी आली तर एक दिवसही थांबू नका, आणि त्याला एकटं सोडू नका.

बाकी तुम्ही स्वतः जेवताय का, तेही कळवा.