वाड्याच्या पडक्या सोप्याजागी काच-लोखंड चालेल का?

ढेलजवाला:
औशाजवळच्या गावात आमचा वाडा आहे. मागच्या पावसाळ्यात मागचा सोपा (ओसरी) बसला, आता भाऊबंद एकदाचे दुरुस्तीला तयार झालेत. आर्किटेक्ट म्हणायलेत पडक्या जागी लोखंडी चौकट अन काचेच्या भिंतींची खोली करू, मधल्या उघड्या चौकावरही काच टाकू. काका लई भडकलेत. मला मात्र पटायलंय, नवं असेल तर नवंच दिसू द्या, जुन्याची नक्कल कशाला? जुन्या वास्तू जपायच्या नियमांची १९६४ ची जी व्हेनिस सनद आहे, तिच्यातही हेच आहे की नव्या भरीवर आजच्या काळाची छाप दिसावी.

माजघर:
त्याच सनदेचं १३ वं कलमही वाचा. इमारतीच्या मोलाच्या भागांना अन तिच्या एकूण तोलाला बाधा येत असेल तर भर घालूच नका, असं आहे त्यात. अन चौक तर अजिबात झाकू नका हो! खोल्यातली गरम हवा तिथूनच वर जाते, काच टाकली की मे महिन्यात ४२ डिग्रीला घरात भट्टी पेटेल, मग एसी लावत बसा.

पांढरीचा:
चौकाचं मान्य. पण सोप्याजागी नवं का नको? इंग्लंडात अ‍ॅस्टली कॅसल म्हणून जुना गढीसारखा वाडा १९७८ च्या आगीत जळाला होता, त्याच्या पडक्या दगडी भिंती ठेवून आत नवं घर बसवलं अन त्याला वास्तुकलेचा २०१३ चा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला.

माजघर:
तिथं वीट अन लाकूड वापरलंय, जुन्या दगडाशेजारी शोभेल असं. काचेचा डबा नाही ठेवला.

किल्लारीकर:
तुम्ही शोभेवर भांडायलात, मी वजनाचं बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटेच्या भूकंपात आमचं घर गेलं. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती टाकायची, जुनी कुणी काढत नव्हतं, ढिगाऱ्यात तो थर माझ्या कोपरापर्यंत भरला होता. आजी त्यानंतर मरेपर्यंत पत्र्याखालीच झोपली, माळवदाखाली एक रात्र नाही. म्हणून सांगतो, जसं होतं तसंच बांधा म्हणणाऱ्यांनी आधी ते ओझं डोक्यावर घेऊन झोपून बघावं. हलकं लोखंड बरं.

चुन्याची घाणी:
दादा, तुमचं दुःख मोठं आहे, पण दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंतीचे दोन पदर वेगळे अन मध्ये भर, दोन्हीला धरून ठेवणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हताच, म्हणून पदर फाकून भिंती बसल्या. तो दगड घाला, माळवदाची जास्तीची माती उतरवा, जुना वाडाही बराच सावरतो. आमचे आजोबा गवंडी होते, चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालायचे. आता लोक त्याच भिंतीच्या दगडांमधल्या फटी सिमेंटनं भरतात, ओल आत कोंडते अन दोन पावसाळ्यात दगडाची पापुद्रं हातात येतात. नवी खोली लोखंडाची करा हवं तर, पण तिचे खांब तिच्याच पायावर उभे राहू द्या, जुन्या भिंतीत काही ठोकू नका.

ढेलजवाला:
चौकाची काच रद्द, आज रात्रीच आर्किटेक्टला फोन करतो. सोप्याच्या ढिगाऱ्यातून सागवानी खांब निघालेत, चार धड आहेत, एकाचं बूड कुजलंय. ते नव्या खोलीत वापरावेत का नुसतं लोखंडच ठेवावं, यावर बोला.