दुकानाचा विमा कितीचा: बँकेला हवा तेवढा, की माल आहे तेवढ्याचा?

वाशिष्ठीकाठ:
चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान. २२ जुलै २०२१ ला पाणी माळ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं. ओसरल्यावर साड्यांचे खोके उचलायला गेलो तर तळ गळून पडत होते. एकीचा रंग दुसरीला लागलेला आणि घडीघडीत गाळ.

विमा होता. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्ज, देताना बँकेने उतरवलेला, १२ लाखांचा. माल होता २४ लाखांचा, गेला १० लाखांचा. मला वाटलं, १२ च्या आत आहे, सगळे मिळतील. नुकसान मोजायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ‘ॲव्हरेज’चा नियम लावला. विमा निम्म्या मालाचा, म्हणून नुकसानभरपाईही निम्मी. ५ लाख, त्यातून वजावट, आणि उरलेले आधी कर्जखात्यात. पाच वर्षं मी ती पॉलिसी उघडून वाचलीच नव्हती. कळकळीने सांगतो, विमा पूर्ण मालाचा उतरवा.

मारुतीचौक_सांगली:
वाईट वाटलं वाचून, पण पटलं नाही. आमचं हार्डवेअर. कृष्णेचा पूर सांगून येतो. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ३५ झाले की आम्ही माल वर चढवायला लागतो. दरवर्षी प्रीमियम भरण्यापेक्षा मी वरच्या मजल्यावर गोडाऊन बांधलं. ते कायमचं आहे. शिवाय निम्मी खरेदी कच्च्या बिलावर, क्लेमला दाखवणार काय?

खतावणी:
मी हिशेब लिहिते, म्हणून बोलते. कच्चं बिल ही विम्याची अडचण नाही, ती तुमची आहे. याहून मोठा घोळ वेगळाच असतो. बँकेकडून जास्त उचल मिळावी म्हणून दरमहा स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, फुगवून द्यायचं आणि प्रीमियम वाचवायला विमा कमीचा घ्यायचा. सर्व्हेअर दोन्ही कागद शेजारी ठेवतो. मग ॲव्हरेज फुगवलेल्या आकड्यावर बसतो.

एका जागेची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. पूर त्यात धरलेलाच असतो, आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर ॲव्हरेज लावत नाहीत. रक्कम ठरवताना मात्र दिवाळीआधीचा भरलेला माल धरा, मार्चअखेरचा नको.

काजूवाली:
मालाचंच बोलताय सगळे. आमचं युनिट पुरानंतर अडीच महिने बंद होतं. भाडं चालू, बायकांचे पगार चालू. मालाच्या विम्यात यातला एक रुपया बसला नाही. धंदा बंद राहिल्याचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मते पैसे कमी असतील तर मशीनचा आणि मालाचा पूर्ण विमा आधी, हे त्यानंतर. पण एजंटला विचारा तरी.

वाशिष्ठीकाठ:
@मारुतीचौक_सांगली, गोडाऊन वर नेलंत ते उत्तमच केलंत. पण रात्री दोन वाजता मीटरपाशी शॉर्ट सर्किट झालं तर? रंग, थिनर तुमच्याकडे आहेच. आगीला इशारा पातळी नसते. आणि वर नेलेला मालही जळतोच.

मारुतीचौक_सांगली:
आगीचं मान्य. तेवढ्यासाठी घेईन. पुराबाबत माझा अजूनही गोडाऊनवरच भरवसा. एक सांगा, स्टॉक रजिस्टर कुठे ठेवायचं? २०१९ ला पहिलं तेच भिजलं.

वाशिष्ठीकाठ:
मी शनिवारी दुकान बंद करताना पानांचे आणि रॅकचे फोटो काढतो आणि मुलीला पाठवतो. ती पुण्यात असते.