दुर्मिळ, दुर्लभ की विरळ?

तापीकाठ (जळगाव): जुन्या संगणकांच्या संग्रहाची सूची मराठीत करतो आहे. इंग्रजीत तीन दर्जे आहेत: शोधलं तर मिळणारे, क्वचितच विकायला येणारे आणि जगभरातले नग मोजता येतील असे. अनुक्रमे 'विरळ', 'दुर्मिळ', 'दुर्लभ' असे शब्द योजले. तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'दुर्मिळ' करून ठेवलं. फरक खरंच नाही का?

पांझराकाठ (धुळे): व्युत्पत्तीने नाही. दुर्+लभ् संस्कृत, दुर्+मिळ मराठी. वापरात मात्र आहे: दुर्लभ नरदेह, दुर्लभ दर्शन; पण दुर्मिळ नाणं, दुर्मिळ ग्रंथ. संगणक वस्तू आहे, तो दुर्मिळच. आणि विरळ म्हणजे दाट नसलेलं. केस, वस्ती, झाडी. एका नगाला विरळ कसं म्हणणार?

भुसावळ जंक्शन: भाऊ, आधी मोजायचं काय ते ठरवा. किती बनले, किती उरले आणि किती विकायला येतात, हे तीन वेगळे आकडे आहेत. कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या विक्रीचे अंदाज सव्वा कोटीपासून १ कोटी ७० लाखांपर्यंत जातात. तो खानदेशात भेटत नाही म्हणून दुर्मिळ ठरत नाही. उलट ॲपलचा १९८३ चा पहिला लिसा संगणक बघा. त्यातले दोन ट्विगी फ्लॉपी ड्राइव्ह काढून १९८४ मध्ये ॲपलने सोनीचा साडेतीन इंची ड्राइव्ह फुकट बसवून दिला. म्हणून मूळ रूपातले लिसा विकल्या गेलेल्यांपेक्षा फारच कमी उरले. ॲपल-१ सुमारे २०० च बनले, पण लिलावात आला की गाजतो, म्हणून सतत दिसल्यासारखा वाटतो. दर्जा उरलेल्या नगांवरून द्यावा, मागितलेल्या किमतीवरून तर नाहीच.

पांझराकाठ: 'संगणक भेटत नाही' नका म्हणू. माणूस भेटतो, वस्तू मिळते.

अमळनेरकर: नाना, संस्कृत 'मिल्' चा अर्थच भेटणं, एकत्र येणं. नद्या आजही मिळतात. मग वस्तू भेटली तर अशुद्ध का? अहिराणीत तर सरळ 'सापडस नही' म्हणतात, त्यात तुमचे तिन्ही दर्जे आले.

पांझराकाठ: बोलण्यात चालेल. छापील सूचीत नको. आणि नियमाने 'दुर्मीळ' लिहा, शेवटून दुसरं अक्षर दीर्घ.

अमळनेरकर: मग 'दुर्मिळाचा' लिहिताना पुन्हा ऱ्हस्व. वाचकाला दोन्ही चालतात. मुद्दा वेगळा आहे: यंत्र दुर्मिळ की त्याची आवृत्ती? बीबीसी मायक्रो हा संगणक ब्रिटनमध्ये भरपूर. आपल्याकडच्या शाळांत तो १९८४ च्या 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून आला. आवृत्ती ठरवायला पेटीवरचं लेबल पुरत नाही. झाकण उघडून मदरबोर्डचा आवृत्ती-क्रमांक वाचा, मग आयसींवरचे, म्हणजे चिपांवरचे, चार आकडे: ८४३२ म्हणजे १९८४ चा ३२ वा आठवडा. सॉकेटमधली आयसी सहज बदलता येते, म्हणून बोर्डावर थेट डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेल्या चार-पाच बघा. लेबल १९८३ चं आणि त्या आयसी १९८६ च्या असतील, तर बोर्ड किंवा पेटी दुसऱ्याची आहे.

भुसावळ जंक्शन: आणि 'चालू स्थितीत' हा शब्दही तपासून लिहा. इथला उन्हाळा ४५ अंशांवर जातो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य तापमानाच्या दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. ३८६ प्रोसेसरच्या संगणकांच्या बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. आधी बॅटरी कापून काढा, हिरवट थरावर पांढरा व्हिनेगर लावा, पाण्याने धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधल्या कागदी कंडेन्सरला तडे गेलेले असतात, त्यांतून दमट हवा आत शिरते आणि वीज देताच धूर निघतो. वीज देण्याआधीच ते बदला.

तापीकाठ: बदलल्यावर नग 'अस्सल' राहतो का?

पांझराकाठ: अस्सल म्हणजे नक्कल नसलेला. तो अस्सलच. गेलं ते 'मूळपण'.

अमळनेरकर: मूळपण म्हणजे जन्मतःचा गुण. इथे 'मूळ भागांसह' म्हणा.

भुसावळ जंक्शन: काढलेले कंडेन्सर पिशवीत घालून, क्रमांक टाकून नगासोबतच ठेवा. विकत घेणारा तेच आधी मागतो.