मदत हवी आहे: वॉलेटचे शब्द घरात कुठे लपवू? सोमवारपासून गवंडी येतायत

पाचोरेकर: मंडळी, लवकर सांगा. आमचं घर जुनं धाब्याचं, सोमवारपासून पाडून स्लॅबचं काम सुरू होऊ राहिलं. माझ्या क्रिप्टो वॉलेटचे शब्द (मोबाईल गेला तरी ज्यांवरून वॉलेट परत उघडतं ते) लिहिलेला कागद देवघराच्या कोनाड्यात तसबिरीमागे होता, काल काढला तर कोपऱ्याला उधई लागलेली, दोन शब्द वाचताच येईनात. आता महिनाभर घरात मजूर, पाहुणे, सगळं सामान उघड्यावर. कुठे ठेवू? बँक लॉकर सांगू नका, वेटिंग आहे.

भुसावळकर: किती शब्द, १२ की २४? मोबाईल ॲप आहे की हार्डवेअर वॉलेट, म्हणजे वेगळं छोटं यंत्र? आणि वॉलेट अजून उघडतंय का? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

केळीबाग_रावेर: कागद सोडाच भाऊ. स्टीलच्या पत्र्यावर खोदा. भांड्यांवर नाव टाकतात तसं मशीन विकत मिळतं. स्टील वितळायला १४०० अंशाच्या आसपास लागतात, घराला आग लागली तरी टिकतं, आणि उधई काय करेल? पूर्ण शब्दही नको, हे शब्द ज्या ठरलेल्या इंग्रजी यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द आहेत, त्यात कुठल्याही दोघांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. चार-चार खोदा, क्रम मात्र चुकवू नका.

तापीकाठ: पण भांडीवाल्याकडून खोदून घेऊ नका, स्वतः खोदा. आणि ताटली-डब्यावर तर नकोच. आमच्याकडे फराळाचं ताट शेजारी गेलं की कुणाचं कुठे जातं पत्ता लागत नाही.

सराफगल्ली: एवढी डोकेदुखी कशाला? जळगाव शेजारी असून सोनं का नाही घेत? क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, वर विकताना १ टक्का टीडीएस. माझ्या मते विकून मोकळे व्हा.

पाचोरेकर: सोन्याचं विचारलंच नाही मी. १२ शब्द, मोबाईल ॲप, उघडतंय. गेलेले दोन शब्द गॅलरीतल्या फोटोवरून जुळवले, त्याची काळजी नाही. जागा सांगा फक्त.

भुसावळकर: फोटो?? भाऊ, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. गॅलरीचा बॅकअप आपोआप क्लाउडवर जातो. मोबाईल किती वेळा दुरुस्तीला दिला, पोरांच्या हातात किती वेळा गेला? ते १२ शब्द ज्याच्या हाती लागले त्याला तुमचा मोबाईलही लागत नाही, पासवर्डही नाही. फोटो डिलीट करून भागणार नाही, ते शब्द जुने समजा. नवीन वॉलेट करा, नवे शब्द घ्या, पैसे तिकडे पाठवा. जागा त्यानंतर.

धुळे_एमएच१८: सहा-सहा शब्दांच्या दोन चिठ्ठ्या करा, एक घरी, एक सासरी. मी तीन वर्षं तसंच करू राहिलो.

भुसावळकर: अजिबात नको. एक चिठ्ठी हरवली की सगळं गेलं, आणि एक सापडली तर सापडणाऱ्याचं अर्धं काम झालेलं. त्यापेक्षा सगळे शब्द खोदलेले स्टीलचे दोन पत्रे, दोन वेगळ्या घरांत.

धुळे_एमएच१८: माझं तर काही गेलं नाही आजपर्यंत. दोन पूर्ण पत्रे म्हणजे चोराला दोन संधी.

केळीबाग_रावेर: म्हणून वर एक पासफ्रेज लावावी, म्हणजे १२ शब्दांशिवाय लागणारा आपण ठरवलेला गुप्त शब्द. ती वेगळी लिहून ठेवा, विसरलात तर कुणीच काढून देऊ शकत नाही.

सराफगल्ली: मग एक्स्चेंजवरच, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीकडेच, का नाही ठेवत?

तापीकाठ: २०२४ च्या जुलैत आपल्याच देशातल्या एका एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले. लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त अडकले होते.

चाळीसगावची_ताई: दादा, वहिनींना माहीत आहे का काही? माझे दीर अचानक गेले, त्यांचं वॉलेट आजही कुणाला उघडता येत नाही. आम्ही सगळं घर शोधलं, गव्हाच्या कोठीपर्यंत. जागा कितीही चांगली असू द्या, घरातल्या एका माणसाला ती आणि कसं वापरायचं ते दाखवून ठेवा.

पाचोरेकर: ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज बसून सांगतो तिला. भुसावळकर भाऊ, नवीन वॉलेट केलं. आधी थोडेच पाठवले, मग ॲप काढून टाकलं, नव्या शब्दांवरून परत उघडून पाहिलं, आले. आता बाकीचे पाठवतो. एक पत्रा बहिणीकडे एरंडोलला, एक आमच्या कपाटाच्या खणाच्या तळाला आतून स्क्रूने लावणार, काम होईपर्यंत ते कपाट काकांकडेच राहणार आहे.

धुळे_एमएच१८: ते खोदायचं मशीन धुळ्यात कुठे मिळेल?